नव्याचा नेम

काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारी महिन्यात, आमच्या भागातील एका धर्मग्रामाच्या महोत्सवास आम्ही उपस्थित होतो. मंडप प्रशस्त होता. कमानीवर गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी वारली चित्रे काढली होती. पाहुण्यांच्या स्वागतासाठी तलासरीकडून तारपा नाचाचे पथक टेम्पोतून आणले होते. त्यांनी प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंत, म्हणजे जेमतेम शंभर पावले, नाचत यावे आणि मग बाजूला व्हावे असे ठरले होते. ते आले, नाचले आणि बाजूला झाले. तारपकरी साठी उलटलेले गृहस्थ होते. नातवाच्या वयाच्या एका स्वयंसेवकाने ‘अरे, तू तिकडे बस’ असे सांगून त्यांना मंडपामागची जागा दाखविली. आमच्यापैकी एकाने जवळ जाऊन त्यांची विचारपूस केली. ते सहज म्हणाले की, तारपा भात पिकते तेव्हाचा असतो. आता खळी उठली, शेते उघडी पडली, या दिवसांत फुंकायला मन होत नाही. पण मुलांनी कबूल केले होते म्हणून यावे लागले.

त्याच दिवशी संध्याकाळी त्याच व्यासपीठावरून एका सुशिक्षित वक्त्याने आदिवासी बांधवांना ‘त्यांच्या अंधश्रद्धेच्या सणांतून’ बाहेर काढण्याचे आवाहन केले, आणि मंडपाने टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या असतील. सकाळी जे शोभेसाठी हवे होते, तेच संध्याकाळी अंधश्रद्धा ठरले, आणि या दोहोंत काही विसंगती आहे असे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. आमचा वाद या विसंगतीशी आहे. तो परक्यांशी नसून घरच्यांशी आहे, म्हणूनच तो स्पष्टपणे मांडावा असे आम्हांस वाटते.

प्रथम, ज्याला आपण सण म्हणतो तो वारल्यांच्या घरी काय असतो ते पाहू. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, काथोडी असे आदिवासी समाज राहतात. त्यांत वारल्यांची वस्ती मोठी. त्यांचे वर्ष दिनदर्शिकेच्या पानांवर चालत नाही, ते पावसावर आणि भातावर चालते. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगात पेरायचे, मग आवणी करायची. पाऊस पडला की रानात कोवळ्या भाज्या उगवतात; पण त्या उगवल्या म्हणून लगेच तोडून शिजवायच्या नाहीत. आधी ‘कोवळी भाजी’ हा विधी व्हायचा, देवांना आणि पितरांना त्यातले द्यायचे, मग घरच्यांनी खायचे. पुढे भाद्रपद-आश्विनात हळवे भात तयार होते. तेही तसेच. नव्या भाताचा पहिला घास कणसरीचा, हिरव्याचा, नारनदेवाचा, हिमायचा, गावदेवाचा आणि घरातून गेलेल्या वाडवडिलांचा. त्यानंतर घरातल्या माणसांचा. याला म्हणतात ‘नवं खाणं’. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस. रानात गुरे राखली, ती वाघाच्या तोंडून वाचली, म्हणून वाघदेवाचे स्मरण. मग त्यांची दिवाळी. तीत फटाके आणि फराळ नसून करांदे, कोनफळे, चवळीच्या शेंगा, आणि काकडी किसून तांदळाच्या पिठात मिसळून पानात उकडलेली पानगी असते. याच दिवसांत रात्री तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचे कर्ण्यासारखे तोंड असे हे वाद्य. तारपकरी मध्ये असतो, नाचणारे हातांत हात गुंफून त्याच्याभोवती साखळीने फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करीत नाहीत.

कणसरी ही अन्नदेवता. पण वारल्यांच्या मनात धान्य वेगळे आणि देवता वेगळी अशी फार काटेकोर फारकत नाही. कणगीत जे आहे तीच कणसरी. भगत घांगळी वाजवून तिची कथा रात्रभर गातो. लग्नात सवाशिणी भिंतीवर जो चौक लिहितात, तोही तांदळाच्याच पिठाने. आज ज्या चित्रांनी आमची कमान सजली होती त्यांचे मूळ त्या चौकात आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूच्या पाड्यांवर कागद नेला आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हातांनी ही रेषा जगभर गेली. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. साड्या, पेले, विमानतळांच्या भिंती सर्वत्र ती माणसे नाचताना दिसतात. परंतु ती कशासाठी नाचत आहेत हे विचारणारा विरळा. चित्रातले भात कोणी पाहत नाही.

आता या ‘नव्या’चा गाभा काय, ते पाहा. आषाढ-श्रावण हे वारल्यांचे उपासमारीचे महिने असत. घरातले धान्य सरलेले, सावकाराकडून खावटी काढलेली आणि ती पीक आल्यावर दीडपट-दुप्पट फेडायची. रानातून कडू कंद खणून आणावेत, ते पुनःपुन्हा पाणी बदलून उकडावेत, आणि त्यावर दिवस काढावेत. अशा वेळी शेतात पहिले भात पिवळे पडू लागते. घरात लेकरे भुकेली आहेत, दारात दाणा उभा आहे. आणि तरीही घरचा म्हातारा म्हणतो, थांबा. आधी ज्याचे त्याला, ज्यांनी ही जमीन मोडली त्यांना, मग आपल्याला. हा संयम आहे, आणि तो पोट भरलेल्यांचा संयम नव्हे. आमच्या उपवासकाळातील शुक्रवारी आम्ही मटण टाळून पापलेट खातो, त्या संयमाशी त्याची तुलना करण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

ज्यांना हे सारे ‘बायबलबाह्य’ वाटते त्यांनी जुना करार उघडावा. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात, चौदाव्या वचनात, इस्राएल लोकांस आज्ञा आहे की नव्या पिकाचे अर्पण होईपर्यंत त्या पिकाची भाकर, हुरडा वा हिरवी कणसे यांपैकी काहीही खाऊ नये. डहाणूच्या पाड्यावरचा म्हातारा याहून वेगळे काय सांगतो? अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची टोपली घेऊन याजकापुढे उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला काय म्हणायला सांगितले आहे, तेही वाचावे: तो आधी आपल्या भटक्या पूर्वजाची आठवण काढतो, मग गुलामीची, मग मिळालेल्या भूमीची, आणि त्यानंतर लेवी व परका यांच्यासह आनंद करतो. पूर्वज, भूमी, पीक, आणि पंक्तीत परक्याला जागा. ज्या पेन्टेकॉस्टला आम्ही ख्रिस्तसभेचा जन्मदिवस मानतो, तो मुळात यहुदी लोकांचा गव्हाच्या कापणीचा सण. पवित्र आत्मा उतरला तोसुद्धा कापणीच्या सणाच्या दिवशी, हे आम्ही दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी विसरतो.

कोणी म्हणेल, प्रभू येशूच्या शिष्यांनी तर शब्बाथाच्या दिवशी शेतातली कणसे मोडून खाल्ली आणि प्रभूने त्यांचीच बाजू घेतली. मग नेमांचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु तेथे वाद होता तो भुकेल्यांच्या घासावर बोट ठेवणाऱ्यांशी. नेम माणसासाठी आहे, माणूस नेमासाठी नाही, हे त्यातले सूत्र. आणि वारल्यांचा नेम भुकेल्याच्या घासावर बोट ठेवीत नाही; तो भुकेल्याने स्वतःहून, आपल्या वाडवडिलांसाठी पाळलेला आहे. त्याच्या घासावर बोट ठेवणारे दुसरेच होते, त्यांच्याकडे आम्ही पुढे येऊ.

आणि आमचे काय? मुंबई-साष्टी-वसईच्या गावांतून ऑक्टोबराच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो. उत्तन, गोराई, मनोरी येथे आजही भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात आणल्या जातात, आशीर्वादित होतात, घरोघर नेल्या जातात. गोव्यात ५ ऑगस्टला रायच्या चर्चमध्ये आणि २१ ऑगस्टला ताळगावात कणसाचें फेस्त होते. मंगळूरचे कॅथलिक ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, मोंती फेस्ताला नव्या भाताचे दाणे अन्नात मिसळतात आणि घरातल्या ज्येष्ठाने प्रार्थना केल्यावर सारे घर एका पंक्तीला बसून ते खाते. कोकणातला हिंदू शेतकरी दारावर आंब्याच्या पानांबरोबर ‘नवे’ बांधतो, नव्याची पुनव पाळतो. आमचे पूर्वज बाप्तिस्मा घेण्याआधी याहून वेगळे काही करीत नसावेत. ख्रिस्तसभेने त्यांच्या हातातली लोंबी हिसकावून घेतली नाही. ती लोंबी घेऊनच त्यांना वेदीजवळ येऊ दिले. आम्हांला जी सवलत मिळाली ती आमच्या मागून आलेल्यांना देताना आमचा हात आखडतो कशासाठी? आमच्या आगेऱ्याला आम्ही परंपरा म्हणतो, त्यांच्या नव्याला अंधश्रद्धा. भात एकच, पाऊस एकच, फरक असलाच तर एवढाच की आम्ही ते सोळाव्या शतकात केले आणि ते आज करीत आहेत.

इ. स. ६०१ मध्ये पोप महान ग्रेगरी यांनी इंग्लंडातील मिशनसाठी मठाधिपती मेलिटस यांस पत्र लिहिले. तेथील लोकांची देवळे पाडू नका. त्यांतील मूर्ती काढा, देवळे राहू द्या. ते लोक सणाला बैल कापून जेवतात, त्यांची ती मेजवानीही मोडू नका. ख्रिस्ती सणाच्या दिवशी त्यांना मांडव घालू द्या, जेवू द्या आणि देवाचे आभार मानू द्या, असा त्याचा आशय. चौदा शतकांपूर्वीचे हे शहाणपण मध्यंतरी पुष्कळ वेळा हरवले. चीनमधील ख्रिस्ती लोकांना पूर्वजांना वंदन करण्यास १७४२ साली रोमने कायमची बंदी घातली आणि ती १९३९ साली मागे घेतली. या जवळजवळ दोनशे वर्षांत किती चिनी घरांना ख्रिस्त की आजोबा असा प्रश्न पडला असेल, याचा हिशेब कोण देणार? अगदी अलीकडे, २०१९च्या ऑक्टोबरात, ॲमेझॉनविषयक धर्मसभा रोममध्ये चालू असताना, तेथील आदिवासींनी आणलेल्या गर्भवती स्त्रीच्या लाकडी मूर्ती काही कट्टर मंडळींनी चर्चमधून उचलून टायबर नदीत फेकल्या. पोप फ्रान्सिस यांनी त्याबद्दल क्षमा मागितली, आणि फेब्रुवारी २०२०च्या आपल्या प्रबोधनपत्रात, लोकांच्या जीवनातून उमललेल्या धार्मिक आविष्कारांना घाईने अंधश्रद्धा किंवा मूर्तिपूजा म्हणू नका, असे बजावले. आमच्या मंडपातील वक्त्याने ते पत्र वाचलेले नसावे. नदीत फेकणारे हात त्याचे नव्हते, एवढेच.

आम्ही डोळे मिटून गोडवे गात नाही. पाड्यांवर दारूने घरे बुडतात हे खरे आहे. भगताच्या एका शब्दावर एखाद्या एकट्या बाईला भुताळी ठरवून तिचे जिणे नकोसे केले जाते, प्रसंगी तिचा जीवही घेतला जातो. याचे समर्थन कोणत्याही संस्कृतीच्या नावाने होऊ शकत नाही, आणि महाराष्ट्राने २०१३ साली केलेला जादूटोणाविरोधी कायदा तेथे कठोरपणे लागू व्हावा असेच आमचे म्हणणे आहे. पण एका दुष्ट रूढीकरिता सारे वर्ष, सारे नेम, सारी गाणी एका शिक्क्याखाली घालायची, हा न्याय आम्ही स्वतःला लावतो काय? आमच्या लग्नांत उंबराच्या पाण्याच्या रात्री किती बाटल्या फुटतात हे ठाऊक असूनही लग्नसंस्कार बंद करा असे कोणी म्हणत नाही. युरोपात चेटकीण म्हणून स्त्रियांना जाळणाऱ्यांत ख्रिस्ती धर्मपीठे व ख्रिस्ती न्यायालये होती. म्हणून कोणी मिस्साला अंधश्रद्धा म्हटले तर आम्हांस मान्य होईल काय? कोंबड्याच्या बळीचा प्रश्न निराळा. ख्रिस्ताच्या एका बळीनंतर दुसऱ्या बळीची आवश्यकता नाही, ही आमची श्रद्धा आहे, आणि ख्रिस्ती झालेल्या वारली कुटुंबांनी त्याबद्दल आपला निर्णय आपण केलेला आहे. पण कोंबडा वगळला तरी नवे उरते, वाडवडिलांची आठवण उरते, पहिला घास उरते ते दान म्हणून. तेवढे तरी आम्ही उरू द्यावे.

आता घासावर बोट ठेवणाऱ्यांविषयी. डहाणू-तलासरीचे भात कोणाच्या घरात जात होते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचावे. वेठबिगारी, खंड, खावटी आणि लग्नासाठी काढलेल्या थोड्या रुपयांपायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडे येथे जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि पाच माणसे मेली. ऑक्टोबराची तारीख लक्षात घ्यावी. ते दिवस नव्याचे, भात उभे असण्याचे. त्या लढ्यातील संघटना कोणत्या पक्षाची होती, यावरून आमच्या मंडळींत नाके मुरडण्याची जुनी रीत आहे. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या शेताचे भात सावकाराच्या कोठारात जाते, त्या शेतावर नवे कसे खाणार? वेठ मोडल्याखेरीज नव्याला अर्थ नव्हता. ते काम ज्यांनी केले त्यांचे ऋण मानण्यास पक्षाचे सभासद व्हावे लागत नाही.

वेठ गेली, परंतु आमच्या वाड्या राहिल्या. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते, तरी लिहिलेच पाहिजे. वसईच्या बागायतीत, आमच्या केळीत, फुलांत, पानवेलींत राबणारे हात पुष्कळसे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांतले आहेत. दरवर्षी पावसाळा सरता सरता आमच्या ओट्यांवर एकच तक्रार ऐकू येते: ऐन कामाच्या वेळी हे लोक ‘नवं’ म्हणून गावी पळतात, दिवाळीला गेले की आठ-आठ दिवस येत नाहीत, यांना जबाबदारी कशी ती नाही. म्हणजे आमच्या आगेऱ्याच्या रविवारी वाडीला सुटी, आणि त्यांच्या नव्याला गैरहजेरी! आम्ही अर्पणविधीच्या वेळी भाकर ही भूमीचे आणि माणसाच्या श्रमाचे फळ म्हणून वर उचलतो. तो माणूस कोण, याची चौकशी आम्ही करीत नाही. दिवाळीनंतर याच घरांतली कित्येक माणसे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, पोरेबाळे बरोबर घेऊन, आणि त्या विटांचे आमचे बंगले होतात. त्यांच्या सणाला आम्ही आळस म्हणतो, कारण तेवढेच दिवस ते आमच्या हाती नसतात.

आता एक बाब अशी की जिच्यामुळे हा केवळ रुचीचा किंवा सौजन्याचा वाद राहत नाही. गेली काही वर्षे, ज्या आदिवासींनी धर्मांतर केले त्यांना अनुसूचित जमातींच्या सूचीतून वगळावे, अशी मागणी मोर्चे काढून केली जात आहे. १९५०च्या आदेशात अनुसूचित जातींना धर्माची अट आहे, जमातींना ती नाही. तरीही मागणी जोरात आहे. तिचा मुख्य युक्तिवाद असा की, ज्याने आपले देव, आपले सण, आपली रीत सोडली तो आदिवासी उरला कोठे? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली केरळमधील एका प्रकरणात म्हटले आहे की, केवळ धर्म बदलल्याने माणूस जमातीबाहेर जात नाही. परंतु तो आपल्या समाजाच्या चालीरीती पाळतो काय, समाज त्याला आपला मानतो काय, त्याची सामाजिक दुर्बलता कायम आहे काय, हे ज्या त्या प्रकरणात पाहावे लागेल. याचा अर्थ प्रत्येक धर्मगुरूने, धर्मभगिनीने, शिकविणाऱ्या प्रत्येक प्रापंचिकाने नीट समजून घ्यावा. तलासरीच्या एखाद्या ख्रिस्ती वारली घराला आम्ही जेव्हा सांगतो की भाऊबंदांच्या नव्याला जाऊ नका, तारपा वाजत असेल तर दार लावून घ्या, तेव्हा आम्ही त्या घराच्या मुलाचा दाखला, त्याची वसतिगृहातली जागा आणि त्याच्या बापाची वनहक्काची जमीन दुसऱ्याच्या हाती देत असतो. एकीकडून ते म्हणणार, तुम्ही आमचे सण सोडले, म्हणून तुम्ही आमचे नव्हेत. दुसरीकडून आम्ही म्हणणार, तुम्ही ते सण सोडा, तरच तुम्ही आमचे. या दोन दारांमध्ये ते घर उभे आहे. बाहेरच्या दारावर उभे असलेल्यांशी भांडण्याचा आमचा अधिकार आतल्या दाराची कडी काढल्यावरच सुरू होतो.

ज्यांना हे पटते अशी काही मंडळी लगेच दुसऱ्या टोकाला जातात, आणि त्यांचीही आम्हांस धास्ती वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर भारतीयीकरणाची लाट आली. तिने पुष्कळ चांगले केले. पण आमच्या हाती ती पुष्कळदा सजावट होऊन बसते. वेदीच्या पडद्यावर वारली चित्र, प्रवेशाला तारपा, बिशप महाशयांना शाल आणि सूप भरून भात, झाले सांस्कृतिकीकरण! फेब्रुवारीत तारपा वाजविणे हे जुलैत नाताळची गाणी गाण्यासारखे आहे. ज्याला ऋतू नाही तो सण नव्हे. आणि ज्याला पंक्ती नाही तोही नव्हे. त्या दिवशी नाचणाऱ्यांची पाने मंडपामागे वाढली होती, पाहुण्यांची मंडपात. लेवी आणि परका यांना एका पंक्तीत बसविणारा अनुवादाचा तो शेतकरी आमच्याकडे पाहून काय म्हणाला असता?

तेव्हा करावे काय? डहाणू-तलासरीच्या ख्रिस्ती वारली कुटुंबांचे नवे केव्हा, ते त्यांच्या पाड्यावरच्या जाणत्यांनी ठरवावे. ज्या आठवड्यात हळवे भात पिकेल तो आठवडा. ते ऑक्टोबराच्या पहिल्या रविवारीच व्हावे आणि त्याला आगेराच म्हणावे, हा हट्ट वसईकरांनी सोडावा. त्यांच्या ज्येष्ठाने प्रार्थना म्हणावी, वारलीत म्हणावी, वाडवडिलांची नावे घ्यावीत. धर्मगुरूंनी तेथे पाहुणे म्हणून जावे. भाऊबंद ख्रिस्ती नसतील तर त्यांच्या घरचा घास नाकारू नये, आणि आपल्या घासाला त्यांना बोलवावे. वाडीवाल्यांनी नव्याचे आणि दिवाळीचे दिवस भरपगारी सुटीचे धरावेत. वाडीच्या जमाखर्चात ती रक्कम फार मोठी दिसणार नाही, आम्ही आपापली मांडून पाहिली आहे. आणि महोत्सवांत तारपा बोलवायचाच असेल, तर भाताच्या दिवसांत बोलवावा आणि तारपकऱ्याला ‘अहो’ म्हणावे. ही शेवटची अपेक्षा फार क्षुल्लक वाटेल. पण आम्हांला सर्वांत अवघड तीच जाणार आहे, असा आमचा अनुभव आहे.

यापुढचा प्रश्न आमच्या हातातला नाही, तरी तो डोळ्यांआड करता येत नाही. नव्याला शेत लागते. तलासरी-डहाणूतून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, द्रुतगती महामार्ग जातो. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, आणि बंदर आले की त्याच्यामागून गोदामे, रस्ते, वसाहती येतात. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून केंद्र सरकारने घोषित केला, तेव्हा येथील झाडे, खाड्या आणि शेते यांना काही ओलावा उरेल अशी आशा होती. मच्छीमार बांधवांनी वाढवणसाठी वर्षानुवर्षे झुंज दिली, त्यांत आमचे काही जण गेले, पुष्कळ गेले नाहीत. भरपाईचे पैसे बँकेत येतात. त्यांतून दुचाकी येते, घराला पत्रे येतात. परंतु दुकानातून आणलेल्या तांदळाचे नवे होत नाही, असे तलासरीच्या एका आजीने आम्हांला सांगितले. तो तांदूळ कोणी पेरला, कोणाच्या पावसात पिकला, त्याचा पहिला घास कोणाचा, हे तिला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्याच्या नावाने घास काढता येत नाही. ती ख्रिस्ती आहे. तिच्या घरी क्रुसाखाली दरवर्षी भाताची लोंबी टांगलेली असते.

यंदा भाद्रपद सरता सरता आम्ही तिघेजण तलासरीस जाणार आहोत. त्या तारपकऱ्यांचे गाव आम्ही विचारून ठेवले आहे. निमंत्रण नाही, ते मागून मिळेल की नाही, हे त्यांच्यावर आहे.